उरलेला चरण

हडर्सफील्डच्या कॉलेजात मंगळवारी सात ते नऊ
गणितात एकदा राहिलेल्यांचा वर्ग.
हीटर एकाच बाजूला तापतो,
म्हणून सगळे डावीकडे दाटीवाटीने,
उजवा अर्धा वर्ग मोकळा, गार.

आज खुर्च्या भिंतीला लावल्या.
फरशीवर पांढरी चिकटपट्टी, एक आडवी, एक उभी,
छेदतात तिथे कॉफीचा कागदी कप पालथा:
हा आरंभबिंदू, कोणी लाथाडू नका.
चार भागांचं इंग्रजी नाव मी फळ्यावर लिहिते,
मनात मात्र मिरजेच्या शाळेतलाच शब्द येतो,
चरण.
पहिला खिडकीशी, दुसरा हीटरपाशी,
तिसऱ्यात माझी पिशवी,
चौथ्यात दार.

मिस्टर ऑल्डरॉइड, वय एकसष्ट,
एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त.
का आलात विचारलं तर म्हणतात, राहून गेलं होतं.
येताना त्यांनी लाल लोकरीचा गुंडा आणलाय,
गिरण्या गेल्या तरी लोकर घरोघर सापडते इथे.
एक टोक त्यांच्या हातात,
एक योलांटाच्या.
ती बेकरीतून थेट येते, बाहीला पीठ.

डावीकडून उजवीकडे वर जाऊ द्या धागा.
चढ धन.
तिसरा आणि पहिला, एवढे दोन पक्के.
आता उभ्या पट्टीला कुठे शिवतो बघा.
कपाच्या वर? मग वाटेत दुसरा लागतो,
चौथा सुटतो.
कपाच्या खाली? चौथा मिळाला,
दुसरा गेला.

"आणि आणखी उभा धरला तर?
लिंडलीच्या रस्त्यासारखा?
तिथे हिवाळ्यात बस रडायची हो."
धरतात. शिवण्याची जागा तीच, चरणही तेच तीन.
इंजिनाला फरक पडतो, मिस्टर ऑल्डरॉइड,
चरणांना नाही.
त्यांना चढाचं फक्त चिन्ह कळतं.

योलांटा काही न बोलता आपलं टोक खाली आणते.
धागा उतरतो.
आता दुसरा आणि चौथा पक्के,
तिसरं घर छेद ठरवणार:
वर असेल तर पहिला, खाली असेल तर माझी पिशवी.
ती गुडघ्यावर बसून
दोन्ही पट्ट्यांवर, धागा शिवतो तिथे,
पिठाच्या बोटाने एकेक ठिपका देते.
"हे दोन ठिपके मिळून ज्या कोपऱ्याला कुशीत घेतात ना,
त्याच्या बरोबर समोरचा राहतो. दर वेळी."
नऊ वर्षं शिकवतेय मी.
इतकं सरळ कधी सांगितलं नव्हतं.

कपावरून नेऊन बघितला धागा.
दोनच चरण.
"अगदी मधून जाणाऱ्याला कमी मिळतं," मागून कोणीतरी म्हणालं.
आडवा धरला, दोन.
उभा धरला, दोन.
ऑल्डरॉइड घाम पुसतात, हीटरमुळे असेल.
"चारही?"
एका रेषेला नाही जमत.
"कितीही लांब गेली तरी?"
कितीही.
मोठ्या कागदावरसुद्धा.
ते बराच वेळ फरशीकडे बघत राहतात,
एखादा जुना मार्ग आठवावा तसे,
थांबा न थांबा.
मग म्हणतात,
"पण दार तर चौथ्यात आहे.
माझी रेषा वरून गेली. मी घरी कसा जाऊ?"

वाका, म्हणते मी.
पहिल्यांदा सगळे एकदम हसले.

नऊला ते वाकडेतिकडे होत,
एकमेकांच्या कोटांना चुकवत बाहेर पडले.
बाहेर धुकट पाऊस, उतारावर दिव्यांची रांग.
मी पट्टी उपटत होते, फरशीचा चिकटपणा बोटांना,
आणि आठवलं,
ओवी साडेतीन चरणांची असते,
तीन लांब, शेवटचा आखूड,
कुठल्याच धाग्याला न जमणारा तो अर्धा
तिथे मात्र चालतो.
पुढच्या मंगळवारी सांगावं का?
ऑल्डरॉइड विचारणार,
तो अर्धा आखायचा कसा?
आणि कप मी टाकून दिला आहे.